भार एका बिंदूवर, मोजमाप कोठे?

वाचकांचे प्रश्न : अभियांत्रिकी

मागील अंकात फाइनाइट एलिमेंट पद्धतीची ओळख करून देणारे टिपण प्रसिद्ध झाल्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रे आली आणि त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच प्रश्नाकडे होता : संगणकातील प्रतिमानावर एखाद्या बिंदूवर भार दिला, तर त्यामुळे झालेले विरूपण कोठे आणि कसे मोजावे? नव्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की, या पद्धतीत वस्तूचे लहान लहान तुकडे कल्पिले जातात, त्यांना एलिमेंट म्हणतात. हे तुकडे ज्या बिंदूंमध्ये एकमेकांना जोडलेले असतात, ते नोड होत. आणि सर्व नोड व एलिमेंट मिळून जी जाळी तयार होते, ती मेश होय. संगणक प्रत्येक नोड किती सरकला हे आधी काढतो आणि त्या सरकण्यावरून ताण, म्हणजे पदार्थाच्या आत दर क्षेत्रफळावर येणारे बल, नंतर काढतो. म्हणून विस्थापन हे त्याचे मूळ उत्तर आहे आणि सहसा ते ताणापेक्षा अधिक भरवशाचे असते. मात्र हा भरवसा कोठे संपतो, हे पहिल्याच पत्रात दिसून येईल.

प्रश्न (एक टूल डिझायनर, वाळूज) : प्रेसखाली बसवायचा ३०० मिमी लांब, ३०० मिमी रुंद आणि २०० मिमी उंच असा एक पोलादी ठोकळा आहे. त्याच्या माथ्यावर मध्यभागी १०० किलोन्यूटन, म्हणजे साधारण १० टन, भार येतो. मी मधल्या एका नोडवर हा भार दिला आणि त्याच नोडचे विस्थापन वाचले. एलिमेंटचा आकार निम्मा केला की उत्तर जवळजवळ दुप्पट होते. पुन्हा निम्मा केला की पुन्हा तेच. मेश बारीक करत गेल्यावर उत्तर स्थिरावते, असे आम्हाला शिकवले होते. माझे काय चुकते आहे?

उत्तर : आपली मेश चुकलेली नाही आणि सॉफ्टवेअरही चुकलेले नाही. आपण संगणकाला जो प्रश्न घातला आहे, त्याचे खरे उत्तरच अनंत आहे आणि मेश जितकी बारीक होईल तितका संगणक त्या अनंताकडे प्रामाणिकपणे चालत जातो. बिंदूला क्षेत्रफळ नसते. १० टन भार शून्य क्षेत्रफळावर ठेवला तर तेथील दाब अनंत होणार, आणि भरीव घन पदार्थात तो बिंदू किती खोल रुतेल याचे उत्तरही अनंतच येणार. जोसेफ बुसिनेस्क या फ्रेंच गणितज्ञाने १८८५ मध्ये सपाट पृष्ठभागावरील बिंदुभाराचे जे सूत्र मांडले, त्यानुसार पृष्ठभागाचे खाली जाणे हे भाराच्या बिंदूपासून मोजलेल्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. पोलादाचा लवचीकता मापांक (पदार्थाच्या कडकपणाचे माप) २,१०,००० मेगापास्कल (न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर) आणि पॉयसन गुणोत्तर (एका दिशेने दाबल्यावर आडव्या दिशेने फुगण्याचे प्रमाण) ०.३ धरून आपल्या भाराचे आकडे घातले, तर बिंदूपासून १० मिमी अंतरावर पृष्ठभाग सुमारे ०.०१४ मिमी खाली जातो, ५ मिमी अंतरावर ०.०२८ मिमी आणि १ मिमी अंतरावर ०.१४ मिमी. नोडवर दिलेला भार संगणकाच्या दृष्टीने साधारण एका एलिमेंटच्या आकाराएवढ्या जागेवर पसरलेला असतो. तेव्हा एलिमेंट निम्मा केला म्हणजे आपण नकळत भार निम्म्या रुंदीच्या टोकावर आणून ठेवला, आणि म्हणूनच उत्तर दुप्पट झाले. आपल्याला दिसलेली दुप्पट ही बुसिनेस्कच्या सूत्राचीच साक्ष आहे.

मग करायचे काय? भार प्रत्यक्षात कशातून येतो, ते आधी पाहावे. समजा, तो ४० मिमी व्यासाच्या पंचातून, म्हणजे प्रेसच्या दाबणाऱ्या गोल दट्ट्यातून, येतो. तेवढ्याच गोल जागेवर १०० किलोन्यूटन भार सारख्या दाबाने पसरला, तर दाब सुमारे ८० मेगापास्कल होतो आणि त्या जागेचे केंद्र सुमारे ०.०१४ मिमी खाली जाते. पंच स्वतः इतका कडक मानला की त्याचा तळ सपाटच राहतो, तर संपूर्ण तळ मिळून सुमारे ०.०११ मिमी खाली जातो. हे दोन्ही आकडे अमर्याद खोल घनाच्या पृष्ठभागाच्या सूत्रांवरून काढलेले असल्याने २०० मिमी उंचीच्या ठोकळ्यासाठी किंचित कमी होतील, पण मुख्य गोष्ट ही की ते मर्यादित आहेत आणि मेश बारीक केल्यावर आपले उत्तर याच सुमाराला येऊन थांबेल. सत्य त्या दोन आकड्यांच्या आसपास असते, कारण कोणताही पंच पूर्ण कडक नसतो आणि पूर्ण मऊही नसतो. त्याहून अधिक काटेकोर उत्तर हवे असेल, तर पंच आणि ठोकळा यांचा संपर्क प्रतिमानात घालावा लागेल. परंतु बहुतेक कामांना गोल जागेवरचा दाब पुरतो.

येथे एक खड्डा आहे आणि त्यात अनुभवी माणसेही पडतात. गोल जागेतील नोड मोजून एकूण भाराला त्या संख्येने भागावे आणि प्रत्येक नोडवर तेवढा भार ठेवावा, असे अनेकजण करतात. एलिमेंटच्या बाजूंच्या मध्यावरही नोड असतील, म्हणजे एलिमेंट दुसऱ्या घाताचे असतील, तर ही वाटणी सरळ चुकीची ठरते. अशा एलिमेंटच्या एका कडेवर सारखा पसरलेला भार टोकाच्या नोडवर प्रत्येकी एक षष्ठांश आणि मधल्या नोडवर चार षष्ठांश असा विभागला जातो. आठ नोडच्या चौकोनी पृष्ठावर तर कोपऱ्याच्या प्रत्येक नोडवर उलट दिशेने एक द्वादशांश आणि मधल्या प्रत्येक नोडवर एक तृतीयांश भार येतो. कोपऱ्यावर उलटा भार हे ऐकायला विचित्र वाटते, पण चार कोपरे आणि चार मध्य यांची बेरीज करून पाहावी. ती बरोबर एक येते. हा हिशेब हाताने करण्याऐवजी पृष्ठावर दाब द्यावा आणि वाटणी सॉफ्टवेअरवर सोपवावी.

आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाही तर वाचक बिंदुभाराला घाबरूनच बसतील. याच अंकात नांदेडच्या पत्रातील १ मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकावर ५० किलो वजन आहे. तेथे बिंदूखालचे रुतणे १ मिमी अंतरावर मोजले तर सुमारे ०.०००७ मिमी भरते, आणि दांड्याचा एकूण वाक साडेतीन मिलिमीटरहून अधिक आहे. अशा ठिकाणी नोडवर थेट भार देऊन टोकाचे विस्थापन वाचले, तरी व्यवहारात काही बिघडत नाही. दोष सैद्धांतिकदृष्ट्या दोन्हीकडे तोच आहे. तो आपल्याला बाधतो की नाही, हे आपण किती मिलिमीटर मोजायला निघालो आहोत यावर ठरते. ताणाचे मात्र तसे नाही. नोडखालचा ताण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणून एलिमेंट निम्मा केला की तो जवळजवळ चौपट होतो, आणि तो आकडा कोणत्याही कामाचा नसतो. माझ्या नोकरीच्या काळात एका कारखान्यात भाराच्या नोडभोवती उमटलेला, जास्त ताण दाखवणारा लाल ठिपका पाहून एका फिक्स्चरची (काम पकडून ठेवणाऱ्या साधनाची) पट्टी दोनदा जाड केली गेली, आणि ठिपका दोन्ही वेळा तेथेच राहिला. त्या पोलादाची नासाडी आजही माझ्या मनाला लागून आहे. सेंट व्हेनंट या फ्रेंच अभियंत्याने १८५५ मध्ये मांडलेले तत्त्व येथे उपयोगी पडते : भार कसा लावला याचा परिणाम त्याच्या लगतच्या भागापुरता राहतो आणि छेदाच्या रुंदीएवढे अंतर दूर गेल्यावर तो जवळजवळ विरतो. ताण त्या अंतरापलीकडे वाचावा.

आणखी एक सूचना. आपण जर दोन मितींचे सपाट प्रतिमान वापरत असाल, तर तेथे बिंदुभाराखालचे विस्थापन दुप्पट होत नाही. मेश निम्मी केली की दरवेळी तेवढाच एक लहानसा आकडा त्यात मिळवला जातो. ही वाढ इतकी संथ असते की उत्तर स्थिरावले असे वाटते. ते स्थिरावलेले नसते.

प्रश्न (एक विद्यार्थी, चिकलठाणा) : दोन टोकांना टेकलेल्या बीमचे मी सममितीमुळे अर्धेच प्रतिमान केले. मध्यावर पूर्ण भार दिला तर वाक सूत्राच्या दुप्पट येतो. असे का?

उत्तर : भाराचा बिंदू सममितीच्या प्रतलावर आहे, त्यामुळे त्या भाराचा अर्धा वाटाच आपल्या अर्ध्या तुकड्याच्या वाट्याला येतो आणि उरलेला अर्धा न काढलेल्या तुकड्याच्या. अर्ध्या प्रतिमानात निम्मा भार द्यावा. दोन प्रतलांनी पाव केले असेल, तर पाव भार. ही चूक पकडण्याचा सोपा उपाय म्हणजे आधारांवरील प्रतिक्रियांची बेरीज पाहणे. ती बेरीज आपण दिलेल्या भाराएवढी आलीच पाहिजे, आणि पूर्ण वस्तूसाठी ती किती असायला हवी हेही आपल्याला माहीत असते. भार किलोमध्ये लिहून तो न्यूटन म्हणून वाचला गेला, तर वाक ९.८१ पट कमी दिसतो; तीही चूक याच बेरजेत सापडते. मिलिमीटर, न्यूटन आणि मेगापास्कल ही एककांची जोडणी धरली असेल, तर घनता टन प्रति घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे पोलादासाठी ७.८५ गुणिले १० चा उणे नववा घात, अशी द्यावी लागते. किलोची सवय असल्यामुळे येथे हजारपटीची चूक फार होते.

प्रश्न (अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, नांदेड) : आम्ही ४० मिमी बाजूचा चौरस पोलादी दांडा वाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) पकडून वाइसपासून १ मीटर अंतरावर ५० किलो वजन टांगले आणि तेथील वाक डायल गेजने (सूक्ष्म सरकणे दाखवणाऱ्या तबकडीच्या मापकाने) मोजला. सूत्राने ३.६५ मिमी येतो, गेजवर ४.३५ मिमी आला आणि संगणकावर २.८ मिमी. तीन उत्तरे पाहून मार्गदर्शक सर म्हणाले की संगणकाचे उत्तर चुकले आहे. पण सूत्र आणि गेज यांच्यातही फरक आहे. आम्ही कोणावर विश्वास ठेवावा?

उत्तर : तिन्ही उत्तरे अहवालात लिहिलीत आणि एकाला दुसऱ्याशी जुळवून घेण्याचा मोह टाळलात, याचा मला मनापासून आनंद झाला. तिन्ही आकडे तीन वेगवेगळ्या वस्तूंचे आहेत, आणि ते कसे हे उलगडले की या प्रयोगातून जे शिकता येईल ते जुळलेल्या उत्तरांतून कधीच शिकता आले नसते.

आधी संगणक घेऊ. आपण मेशविषयी लिहिलेले नाही, पण २.८ हा आकडा पाहता एलिमेंट चार नोडचे, टेट्रा नावाने ओळखले जाणारे असावेत आणि जाडीत ते एक-दोनच असावेत. या एलिमेंटमध्ये विकृती, म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात झालेला बदल, सर्वत्र एकसारखीच मानलेली असते. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात जो त्रिकोणी एलिमेंट होता, त्याचाच हा घन भाऊ आहे. वाकणाऱ्या दांड्यात वरच्या बाजूला ओढ आणि खालच्या बाजूला दाब असतो, म्हणजे विकृती जाडीत बदलत जाते. एकसारखी विकृती मानणारा तुकडा तो बदल दाखवूच शकत नाही, म्हणून तो वाकायला नकार देतो आणि दांडा आहे त्याहून कडक दिसतो. दहा नोडचे टेट्रा घ्या आणि जाडीत दोन-तीन एलिमेंट ठेवा; उत्तर ३.६५ च्या अगदी जवळ येईल. हा दोष पद्धतीचा नाही, एलिमेंटच्या निवडीचा आहे, आणि सरांनी तो पकडला हे योग्यच झाले.

गेजचा आकडा मला अधिक मोलाचा वाटतो. सूत्रात दांड्याचे मूळ भिंतीत चिणल्यासारखे पूर्ण स्थिर मानले आहे. वाइस तसा नसतो. दोन आकड्यांतील ०.७ मिमीचा फरक १ मीटर लांबीवर पडला आहे, म्हणजे मुळाशी दांडा केवळ ०.०००७ रेडियनने, अंशात सांगायचे तर ०.०४ अंशाने, फिरला तरी तेवढा फरक पडतो. दांड्याच्या ४० मिमी उंचीवर हे फिरणे जेमतेम २८ मायक्रॉन होते. वाइसचा जबडा, त्याखालचे बोल्ट आणि लाकडी टेबल यांनी मिळून एवढी सूट दिली असेल, तर त्यात नवल नाही. याची खातरजमा करता येते : दुसरे डायल वाइसच्या तोंडापासून साधारण ५० मिमी अंतरावर लावा आणि तिसरे खुद्द वाइसवर. तेथील वाचने सूत्राहून जास्त आली, तर मुळाचे फिरणे सिद्ध झाले आणि त्याची किंमतही हाती आली. मग संगणकातही मूळ पूर्ण स्थिर न ठेवता तेथे त्या कडकपणाची स्प्रिंग द्यावी.

डायलचा मॅग्नेटिक स्टँड कशावर ठेवला होता, हे पत्रात नाही, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. स्टँड त्याच टेबलावर असेल, तर टेबल झुकले की स्टँडही झुकतो आणि गेज फक्त टेबलाच्या तुलनेतील विस्थापन दाखवते. स्टँड जमिनीवरच्या स्वतंत्र खांबावर असेल, तर ते टेबलाचे झुकणेही दाखवते. दोन्ही मोजमापे खरी आहेत, पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. संगणकातील विस्थापन नेहमी स्थिर ठेवलेल्या आधारांच्या तुलनेत असते. तेव्हा गेजचा संदर्भ आणि प्रतिमानाचा आधार एकच आहेत ना, हे तुलना करण्याआधी पाहावे.

दांड्याचे स्वतःचे वजनही ध्यानात घ्या. वाइसबाहेरच्या १ मीटर भागाचे वजन सुमारे १२.५६ किलो भरते आणि केवळ त्यामुळे टोक सुमारे ०.३४ मिमी खाली येते. आपण दांडा पकडल्यानंतर डायल शून्यावर आणले असेल, तर हा वाक गेजमध्ये येत नाही. संगणकात गुरुत्व चालू ठेवले असेल, तर तेथे मात्र तो येतो. त्याचप्रमाणे डायलची कांडी वजनाच्या अगदी रेषेत नसून २० मिमी आत टेकली असेल, तर वाचन सुमारे ३ टक्के कमी येते. पोलादाचा लवचीकता मापांकही २,००,००० ते २,१०,००० मेगापास्कल असा धरला जातो. त्यातही ५ टक्क्यांचे अंतर आहे.

पुढच्या वेळी एकदम ५० किलो टांगू नका. आधी एकदा पूर्ण वजन टांगून काढून घ्या, म्हणजे पकड बसेल; मग शून्य करा आणि दहा-दहा किलोने चढत जाऊन तसेच उतरत या. मुळाशी फिरणे नसेल तर दर किलोला ०.०७३ मिमी या उताराची सरळ रेषा मिळायला हवी. रेषा सरळ पण अधिक चढी असेल, तर आधार लवचीक आहे. सुरुवातीला वळलेली असेल, तर पकडीत ढिलाई आहे. आणि उतरताना शून्यावर परत आली नाही, तर काही तरी सरकले आहे. एका आकड्यात हे तिन्ही दोष एकमेकांत मिसळून जातात, रेषेत ते वेगळे दिसतात.

प्रश्न (शेती अवजारांचे एक उत्पादक, परभणी) : आमच्या पलटी नांगराच्या फाळाच्या टोकावर जमिनीचा रोध म्हणून १० किलोन्यूटन बल दिले. फाळापासून काही अंतरावर बिंदू घेऊन तो फाळाच्या पृष्ठाला जोडण्याचे दोन पर्याय सॉफ्टवेअर देते, एक कडक आणि एक लवचीक, आणि दोन्हींची उत्तरे वेगळी येतात. शिवाय टोकाचे एकूण विस्थापन १४ मिमी दिसते. नांगर इतका लवचीक कसा असेल?

उत्तर : कडक जोडणीत त्या पृष्ठावरचे सगळे नोड जणू एकाच न वाकणाऱ्या तुकड्यात गोठवले जातात, त्यामुळे फाळ तेथे आहे त्याहून कडक होतो. लवचीक जोडणीत बल त्या नोडवर वाटले जाते, पण नोड आपापल्या परीने सरकायला मोकळे राहतात. माती फाळाला कडक करत नाही, म्हणून आपल्या कामासाठी दुसरा पर्याय योग्य. दोन बोल्टांनी आवळलेली जाड प्लेट असती, तर मी पहिला सुचवला असता. लवचीक जोडणीच्या मध्यबिंदूचे विस्थापन मात्र वाचू नका. ती त्या सगळ्या नोडच्या विस्थापनांची भारित सरासरी असते. फाळाच्या टोकावरचा खरा नोड निवडा.

१४ मिमीविषयी : सॉफ्टवेअर जे एकूण विस्थापन दाखवते, ते तिन्ही दिशांच्या विस्थापनांचे मिळून परिमाण असते आणि त्यात संपूर्ण अवजाराचे फिरणेही आलेले असते. थ्री पॉइंट लिंकेजच्या (ट्रॅक्टरला अवजार तीन ठिकाणी जोडणाऱ्या जोडणीच्या) पिनांशी फ्रेम ०.०१ रेडियनने फिरली आणि फाळाचे टोक तेथून ९०० मिमी खाली असेल, तर फाळ धरणारी दांडी मुळीच न वाकताही टोक ९ मिमी मागे जाते. दांडी किती वाकली हे हवे असेल, तर फ्रेमजवळ दांडीच्या मुळाशी एक नोड घ्या, त्याचे विस्थापन आणि फिरणे यांचा वाटा टोकाच्या विस्थापनातून वजा करा, आणि उरलेला भाग नांगरटीच्या दिशेत, आडवा आणि उभा असा वेगवेगळा वाचा. बलाचेही तसेच : काळ्या जमिनीत मुख्य रोध मागे असला तरी पलटी नांगरावर आडवे बल बरेच येते आणि ते दांडीला पीळ देते, सगळे बल एकाच दिशेत दिले, तर तो पीळ दिसणारच नाही. मुरमाड रानात फाळ दगडावर आदळतो तो प्रसंग या स्थिर भाराच्या हिशेबात बसत नाही, त्यासाठी शिअर बोल्ट (जादा बल आल्यास आधी तुटून अवजार वाचवणारा बोल्ट) कोणत्या बलाला तुटतो तेच बल टोकावर घेऊन तपासणे अधिक शहाणपणाचे.

प्रश्न (एक वाचक, धाराशिव) : चित्रात बीम धनुष्यासारखा वाकलेला दिसतो, पण आकडा ०.२ मिमी आहे. कोणते खरे?

उत्तर : आकडा. विरूपण डोळ्यांना दिसावे म्हणून सॉफ्टवेअर ते चित्रात शेकडो पटींनी मोठे करते. अहवालात चित्र छापताना किती पट वाढवले आहे ते खाली लिहावे, आणि एकदा तरी एकपट प्रमाणात चित्र पाहावे. तेथे दोन भाग एकमेकांत घुसलेले दिसले, तर ते प्रतिमानाच्या चुकीचे लक्षण आहे, वाढवून दाखवण्याचे नव्हे.

प्रश्न (एक घरमालक, व्यवसायाने ड्राफ्ट्समन, लातूर) : आमच्याकडे नळाला पाणी कित्येक दिवसांनी येते, म्हणून गच्चीवर २००० लिटरची आणखी एक टाकी चार पायांच्या लोखंडी स्टँडवर ठेवायची आहे. खोली ३ मीटर चौरस, स्लॅब १२५ मिमी, एम २५ प्रतीचे काँक्रीट. मी शेल (पातळ पत्र्यासारखे) एलिमेंट वापरून चार नोडवर प्रत्येकी ५ किलोन्यूटन दिले. वाक अर्ध्या मिलिमीटरहून कमी येतो, पण पायाखालचे आघूर्ण (स्लॅबला वाकवणारा जोर) मेश बारीक केली की वाढत जाते. स्लॅब सुरक्षित समजावा का?

उत्तर : वाकाचे उत्तर बरोबर दिशेने आहे आणि ते हाताने पडताळता येते. चारही कडांना साध्या टेकलेल्या चौरस प्लेटच्या मध्यावर एकच बिंदुभार असेल, तर मधला वाक म्हणजे भार गुणिले बाजूचा वर्ग, भागिले प्लेटचा वाककडकपणा, आणि या सगळ्याला ०.०११६ ने गुणायचे. काँक्रीटचा मापांक आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे २५,००० मेगापास्कल आणि पॉयसन गुणोत्तर ०.२ धरून, टाकीचा सगळा २० किलोन्यूटन भार एकाच मध्यबिंदूवर ठेवला, तर वाक सुमारे ०.४९ मिमी येतो. तुमचे चार पाय मध्यापासून दूर आहेत, म्हणून उत्तर यापेक्षा कमी यायलाच हवे. पातळ प्लेटच्या सिद्धांतात बिंदुभाराखालचा वाक मर्यादित राहतो, हा घन ठोकळा आणि प्लेट यांतला मोठा फरक. पण जाडीतील शिअरचे (थर एकमेकांवरून सरकण्याचे) विरूपण धरणारे शेल एलिमेंट असतील, तर अतिशय बारीक मेशवर वाकही हळूहळू वाढू लागतो.

आघूर्ण मात्र दोन्ही सिद्धांतांत बिंदूखाली अनंत होते आणि तुम्हाला दिसलेली वाढ त्याचीच आहे. पायाखाली १५० मिमी चौरस बेस प्लेट असेल, तर भार स्लॅबच्या मध्यजाडीपर्यंत ४५ अंशांनी पसरत सुमारे २७५ मिमी रुंदीवर जातो. प्रत्येक पायाचा ५ किलोन्यूटन भार तेवढ्या चौकोनावर दाब म्हणून द्या, आघूर्ण स्थिरावेल.

तरीही या आकड्यांवरून स्लॅब सुरक्षित आहे असे म्हणू नका. काढलेला वाक तडा न गेलेल्या, ताज्या काँक्रीटचा आहे. प्रत्यक्षात तडे आणि वर्षानुवर्षांच्या भाराने होणारे रेंगाळते विरूपण यांमुळे तो कित्येक पट होतो. तो ३ मीटरच्या गाळ्यासाठी आयएस ४५६ मधील, गाळ्याच्या २५० व्या भागाच्या मर्यादेत, म्हणजे १२ मिमीच्या आत, राहील. पण येथे स्लॅबची कसोटी वाकात नाही, आत किती सळई आहे आणि ती आघूर्ण पेलते का यात आहे, आणि ते तुमच्या प्रतिमानाला माहीतच नाही. जुना नकाशा किंवा सळई शोधणारे यंत्र घेऊन येणारा स्ट्रक्चरल इंजिनीअर यांच्याशिवाय ते कळणार नाही.

आणखी एक भार तुम्ही घातलेला नाही आणि लातूर जिल्ह्यात तो विसरून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात माळवदाच्या (मातीच्या जड छताच्या) घरांतील माणसे डोक्यावरच्या वजनाखाली गेली. गच्चीवरची दोन टन पाण्याची टाकी उंच स्टँडवर असेल, तर जमीन हलताच ती आडवे बल निर्माण करते, आणि मग चार पायांवरचे भार समान राहत नाहीत. एका बाजूचे दोन पाय अधिक दाबले जातात आणि दुसऱ्या बाजूचे उचलले जाऊ शकतात. म्हणून स्टँड बुटका ठेवा, त्याला तिरक्या पट्ट्या मारा, पाय बोल्टने पक्के करा. आणि शक्य असेल तर टाकी खोलीच्या मध्यावर न ठेवता चारही पाय खालच्या बीमवर किंवा भारवाहक भिंतीच्या रेषेवर येतील अशी सरकवा. मग स्लॅबच्या मध्यातला वाक आणि आघूर्ण यांचा प्रश्नच उरणार नाही, आणि मग त्या बीमचा किंवा भिंतीचा हिशेब इंजिनीअरकडून तपासून घ्या.